गाऱ्हाणे आणि शुभसंकल्प

 

सज्जनहो, आपल्या पेडणे व डिचोली या दोन्ही महालांत देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. उत्सवाचा दिवस असो, नव्या घराचा पाया असो वा घरात दीर्घकाळ रेंगाळलेले दुखणे असो. देवापुढे नारळ ठेवला जातो, गावातील एखादा जाणता पुरुष हात जोडून उभा राहतो, सर्वांच्या वतीने बोलतो आणि बाकीची मंडळी त्यास होकार देतात. लहानपणापासून आपण हे पाहत आलो, म्हणून त्याचा अर्थ कधी निरखून पाहिला नाही. आज तो पाहू.

या गाऱ्हाण्यात तीन गोष्टी आहेत. पहिली ही की, दुःख लपविले जात नाही. 'सर्व काही छान आहे' असे कोणी देवापुढे म्हणत नाही. जे सलते ते स्वच्छ शब्दांत मांडले जाते. दुसरी ही की, ते एकट्याचे राहत नाही. बोलणारा एक आणि होकार देणारे अनेक. त्यामुळे एका घरचे संकट साऱ्या वाड्याचे होते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाऱ्हाण्याला शेवट असतो. नारळ फुटतो, तीर्थप्रसाद होतो आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. गाऱ्हाणे घालून कोणी तेथेच बसून राहत नाही.

आता दुसऱ्या गाऱ्हाण्याकडे वळू. ते देवळात घातले जात नाही. ते घराच्या ओट्यावर, दुकानाच्या फळीवर, तिन्हीसांजेला, रोज त्याच शब्दांत घातले जाते. 'आमचे नशीबच फुटके. या गावात कोणाचे भले झाले आहे? आता या वयात काय होणार?' याला ऐकणारा असतो, पण उत्तर देणारा नसतो. होकार असतो, पण तो बळ देणारा नसतो. आणि त्याला शेवट तर मुळीच नसतो. पहिल्या गाऱ्हाण्यातून माणूस उठतो, दुसऱ्यात तो बसतो. दुःख तेच, शब्दही बहुधा तेच; मग भेद कोठे पडला? आजच्या निरूपणाचा विषय हाच आहे.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या एका चुकीमुळे. ती आपणांपुढे मांडल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. डिचोली महालातील खाणींचा इतिहास आपणांस नव्याने सांगायला नको. २०१२ साली खाणकाम थांबले. मध्यंतरी ते काही काळ चालू झाले. पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि त्याच वर्षी मार्च महिन्याच्या मध्यापासून ते पुन्हा बंद पडले. पुढे लिलाव होऊन काही पट्ट्यांचे काम सुरू झाले हे खरे. परंतु दरम्यानच्या काळात खाणगावांतील घराघरांत काय घडले, हे ज्यांनी अनुभवले तेच जाणतात. दारात ट्रक उभे आणि टपालात बँकेची पत्रे, अशी ती वर्षे होती.

त्या दिवसांत माझ्या परिचयाचे एक गृहस्थ कीर्तन-प्रवचनाला नेमाने येत असत. त्यांचे दोन ट्रक होते आणि दोन्हींवर कर्ज होते. एके दिवशी प्रवचन संपल्यावर ते मागे थांबले आणि आपली स्थिती सांगू लागले. मी घाईत होतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, 'मन प्रसन्न ठेवा. चांगले विचार करा. देव सर्व ठीक करील.' त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि शांतपणे म्हटले, 'बुवा, चांगल्या विचारांनी बँकेचा हप्ता भरता येत नाही.' त्या दिवसानंतर ते देवळात येईनासे झाले.

प्रथम मला त्यांचा राग आला. नंतर स्वतःची लाज वाटली. मी काही खोटे बोललो नव्हतो. पण ऐकण्याआधीच उत्तर दिले होते. भुकेल्याच्या ताटात मी अन्नाऐवजी अन्नाची स्तुती वाढली होती.

त्याच आठवड्यात गीतेचा पहिला अध्याय वाचीत असता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती मी अनेक वेळा वाचली होती, पण पाहिली नव्हती. त्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. विषादाला योग हे नाव! ज्ञानाला योग म्हणावे, कर्माला म्हणावे, भक्तीला म्हणावे, हे समजते. पण हातपाय गळाले, धनुष्य निसटले, डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या अवस्थेलाही योग म्हटले आहे. आणि आणखी असे की, त्या साऱ्या अध्यायात, ४७ श्लोकांत, भगवंताच्या मुखी अवघे एकच वाक्य आहे. जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढेच ते म्हणतात. त्यानंतर अर्जुन बोलतो आणि जगद्गुरू ऐकतात. ज्याच्यापाशी पुढील सतरा अध्यायांचे ज्ञान सिद्ध होते, त्याने आधी शिष्याला मनातले सारे बोलू दिले.

अर्जुनाचा विषाद योग झाला, कारण तो योग्य ठिकाणी बोलला गेला. हाच विषाद घेऊन अर्जुन रथातून उतरून वनात गेला असता, तर तो केवळ पलायन ठरला असता. तो विषाद त्याने सारथ्यापुढे ठेवला. म्हणजेच, सज्जनहो, त्याने गाऱ्हाणे घातले.

मी उठलो आणि त्या गृहस्थांच्या घरी गेलो. उपदेश करण्याचे नाही, असा मनाशी नेम केला होता. ते दोन तास बोलले. सरकारवर बोलले, बँकेवर बोलले, भावांवर बोलले, माझ्यावरही बोलले. मी ऐकत राहिलो. शेवटी शब्द संपले. त्यांची पत्नी चहा घेऊन आली, तेव्हा ते तिच्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, 'एक ट्रक विकून टाकायला हवा. इतके दिवस ते कबूल करवत नव्हते.' मी एक अक्षरही सुचविले नव्हते. मन मोकळे झाले आणि जे दिसत होते पण पाहवत नव्हते, ते त्यांना पाहता आले.

पुढील कथा चमत्काराची नाही. एक ट्रक गेला. दुसऱ्यावर त्यांनी चिरे वाहण्याचे काम धरले. वडिलांच्या वेळचे कुळागर पाण्यावाचून सुकत चालले होते, तेथे पाट पुन्हा वाहता केला. कर्ज अजून पूर्ण फिटलेले नाही. गेल्या उत्सवात भेटले तेव्हा म्हणाले, 'देणे आहे, बुवा. पण आता सकाळी उठावेसे वाटते.' शुभसंकल्पाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात मिळालेली नाही.

शुभसंकल्प हा शब्द मी हेतुतः वापरला. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, ३४ व्या अध्यायाच्या आरंभी, शिवसंकल्पाचे सहा मंत्र आहेत. त्यांत ऋषी धन मागत नाहीत, राज्य मागत नाहीत, शत्रूचा नाशही मागत नाहीत. आपले मन कल्याणकारी संकल्पाचे असावे, एवढीच एक याचना सहाही मंत्रांत पुनःपुन्हा येते. जागेपणी आणि झोपेतही दूर दूर धावणारे हे मन. त्याला शेवटच्या मंत्रात उत्तम सारथ्याची उपमा दिली आहे. सारथी रस्ता गुळगुळीत करीत नाही. खड्डे आहेत तेथेच असतात. तो घोड्यांचे लगाम हाती ठेवतो, एवढेच. जे लोक 'चांगला विचार करा म्हणजे सर्व चांगलेच होईल' असे सांगतात, ते रस्ता बदलण्याचे आश्वासन देतात. शास्त्र तसे आश्वासन देत नाही. शास्त्र लगाम देते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे मनाच्या धारणशक्तीचे, तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तिसरा, तामस प्रकार, मोठा विचार करण्याजोगा आहे. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना जिच्या योगे दुर्बुद्ध मनुष्य सोडीत नाही, तिलाही भगवंतांनी धृती म्हटले आहे. म्हणजे निराश मनुष्य दुबळा असतो असे नव्हे. त्याच्या ठायीही धरून ठेवण्याची शक्ती असते आणि कधीकधी ती विलक्षण असते. वीस वर्षांपूर्वीचा अपमान जो तंतोतंत जपून ठेवतो, त्याची धारणा काय थोडी आहे? दोष शक्तीत नाही, धरलेल्या वस्तूत आहे. तीच मूठ सैल करून दुसऱ्या वस्तूवर मिटायची, एवढेच काम आहे.

हे केवळ ग्रंथातील तत्त्व आहे असे कोणास वाटेल, तर त्याने नार्वे येथे जाऊन यावे. श्रीसप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे दैवत. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते देवालय पडले. विजयनगरच्या माधवमंत्र्यांनी ते पुन्हा उभे केले. १५४० साली पोर्तुगीज राजवटीत ते पुन्हा पाडण्यात आले. पुढे भाविकांनी देवाचे लिंग नदीपार आणून डिचोलीच्या बाजूस, आज ज्याला आपण नार्वे म्हणतो तेथे स्थापिले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या स्थानी जीर्णोद्धाराचे कार्य सुरू झाले ते १६६८ साली. अलीकडे पुन्हा दुरुस्ती होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते मंदिर भक्तांसाठी खुले झाले.

१५४० आणि १६६८ या दोन सालांमध्ये १२८ वर्षांचे अंतर आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे अंतर एका ओळीत संपते. पण त्या वर्षांत किती माणसे जन्मली आणि गेली! ज्यांनी लिंग नदीपार आणले, त्यांनी महाराजांचे देवालय पाहिले नाही. त्यांच्या मुलांनी पाहिले नाही, नातवांनीही पाहिले नाही. तरी दिवा लागत राहिला, अभिषेकाचे पाणी पडत राहिले. 'आपले देवालय पुन्हा होणारच' अशी खात्री त्यांना कोणी दिली होती? कोणीही नाही. त्यांच्यापाशी भविष्याची खात्री नव्हती. आजच्या पूजेचा नेम होता. जीर्णोद्धाराचा दिवस उजाडला तेव्हा जीर्णोद्धार करण्याजोगे काहीतरी उरले होते, ते या नेमामुळे.

आपल्या घरगुती संकटांनाही हाच न्याय लागू आहे. अनुकूल काळ केव्हा येईल ते आपल्या हाती नाही. तो येईल तेव्हा आपल्यात काही शिल्लक असावे, हे मात्र आपल्या हाती आहे.

दुसरे उदाहरण पेडण्याकडचे. संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे घराणे मूळचे पेडणे महालातील पालये गावचे. त्यांचा जन्म बांदे येथे १७१४ साली झाला आणि तेथील कुळकर्णीपण त्यांच्याकडे होते. विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांची पदे आपल्या भजनी मंडळांत अजून आळवली जातात. परंपरा असे सांगते की, सावंतवाडीच्या राजाचे तातडीचे बोलावणे आल्यामुळे ते निघाले होते. वाटेत रानात फणसाचे गरे खाण्यास बसले असता एका सत्पुरुषाने त्यांतील वाटा मागितला आणि सोहिरोबांनी तो आनंदाने दिला. ते सत्पुरुष म्हणजे गहिनीनाथ. तेथेच त्यांच्यावर गुरुकृपा झाली आणि पुढे त्यांनी कुळकर्णीपण सोडले.

या कथेतील दोन गोष्टी माझ्या मनात नेहमी राहतात. राजाचे बोलावणे म्हणजे काळजी. अशा काळजीत असलेला मनुष्य सहसा आजूबाजूस पाहत नाही. कोणी काही मागितले तर तो म्हणतो, 'मला माझेच पुरे झाले आहे.' सोहिरोबांनी त्या काळजीतही समोरच्याला पाहिले आणि हातातले दिले. कृपेचे दार तेथे उघडले. काळजीने आक्रसलेले मन मोकळे करण्याचा सर्वांत जवळचा उपाय म्हणजे कोणास काहीतरी देणे, हे ही कथा शिकविते. आणि दुसरी गोष्ट अशी की, ज्या वयात माणसे 'आता आमचे काय राहिले' असे म्हणतात, त्या उतारवयात ते घर सोडून उत्तरेकडे ग्वाल्हेर-उज्जैनपर्यंत गेले. मनाच्या वाढीला वयाची मर्यादा नाही, याचा दाखला आपल्याच मातीत आहे.

आता नित्याच्या आचरणाकडे येऊ. पतंजलींनी प्रतिपक्षभावना नावाचा उपाय सांगितला आहे. मनात घातक विचार येऊ लागले की, त्यांच्या विरुद्ध बाजूचे चिंतन करावे. येथे एक सावधगिरी हवी. 'माझ्याच्याने काही होणार नाही' या विचाराचा प्रतिपक्ष 'मी सर्व काही करीन' हा नव्हे. ती केवळ दुसऱ्या टोकाची बढाई झाली. त्याचा खरा प्रतिपक्ष 'आज मी एवढे करीन' हा आहे. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाने पहिला येण्याची प्रतिज्ञा करू नये. आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक धडा वाचण्याची करावी. शिरगावच्या जत्रेसाठी व्रत घेणारे धोंड पाहा. अग्निदिव्याच्या आधी स्नान, सोवळे, सात्त्विक आहार आणि आपल्या मंडळींसह एकत्र राहणे, असा त्यांचा नेम चालतो. त्या रात्रीचे धैर्य त्या रात्री निर्माण होत नाही. ते आधीच्या लहान लहान नेमांतून साठत येते.

त्याच पतंजलींनी मन प्रसन्न राहण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि दुर्वर्तनी माणसाविषयी उपेक्षा. पेडणे महालात मोपा येथे विमानतळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि २०२३ च्या जानेवारीत विमाने सुटू लागली. कोणाच्या मुलाला तेथे नोकरी मिळाली, कोणाची काजूची भाटे गेली. एकाच वाड्यात ही दोन घरे आहेत. ज्याला मिळाले त्याच्याकडे पाहून जळायचे की त्याच्या पेढ्याने तोंड गोड करायचे? ज्याचे गेले त्याच्या दारावरून मान वळवून जायचे की क्षणभर टेकायचे? प्रसन्न मन हे एकांतात बसून मिळत नाही. ते शेजारधर्मातून मिळते. आणि उपेक्षा म्हणजे अन्याय सोसणे नव्हे, हेही ध्यानात असावे. न्यायासाठी जे करणे उचित ते करावे, अर्ज करावा, ग्रामसभेत बोलावे. परंतु ज्याने दुखविले त्याला रात्री उशाशी घेऊन झोपू नये, एवढाच उपेक्षेचा अर्थ.

माता-पित्यांना एक विनंती. आपण मुलांना रागाच्या भरात जे बोलतो ते आपण विसरतो, मूल विसरत नाही. 'तुझ्या हातून काही व्हायचे नाही' हे वाक्य घरातील वडीलधाऱ्याच्या तोंडून आले, तर मूल ते शाप म्हणून नव्हे, सत्य म्हणून स्वीकारते. डिचोलीचा कुंभार ओल्या मातीला आकार देताना बाहेरून थापटतो, पण आतून दुसऱ्या हाताचा आधार ठेवतो. तो आतला हात काढला तर थापटीने मडके घडत नाही, मोडते. चुकलेल्या मुलास जरूर बोलावे. आतला हात मात्र काढू नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. प्रत्येक उदासीनता ही उपदेशाने जाणारी नसते. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो मनाचा आजार आहे. त्यात भक्तीची उणीव नाही आणि घराण्याची नामुष्कीही नाही. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत दैवी उपायांबरोबर औषध-आहाराचा उपाय सांगितला आहे आणि मनाच्या संयमनाचा, सत्त्वावजयाचा, उपायही स्वतंत्रपणे सांगितला आहे. आपल्याकडे बांबोळी येथे मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तेथे जाण्यास ज्यांना संकोच वाटतो, त्यांना आपण सोबत करावी. देवाच्या पायऱ्या चढणे आणि वैद्याच्या पायऱ्या चढणे यांत विरोध नाही. जो देव मन देतो, तोच वैद्याला बुद्धी देतो.

असो. विषय मोठा आहे आणि माझी शक्ती अल्प. ओट्यावरचे गाऱ्हाणे आज संध्याकाळपासून देवळात न्यावे. तेथे ते पूर्णपणे, न लपविता घालावे. शेजारच्या माणसाचे गाऱ्हाणे घाई न करता ऐकावे. आणि उठताना आज करावयाचे एक काम मनाशी धरून उठावे. इतके आपण केले तरी या निरूपणाचे सार्थक झाले. आता आपल्या रीतीप्रमाणे सर्वांच्या वतीने एक गाऱ्हाणे घालतो. आपण मनोमन होकार द्यावा.

हे बारा गावच्या, बारा वाड्यांच्या देवा महाराजा! आज ही तुझी लेकरे तुझ्या पायांशी उभी आहेत. कोणाच्या घरी देणे आहे, कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाचे मूल दूरदेशी आहे, कोणाच्या मनाला अंधारी आली आहे. जे टळण्याजोगे असेल ते टाळ. जे टळण्याजोगे नसेल ते सोसण्याचे बळ दे, आणि सोसताना एकमेकांचा हात सुटू देऊ नको. रुसलेल्या भावांना एका पंगतीत बसव. मुलांच्या कानी पडणारे आमचे शब्द गोड कर. आणि रोज सकाळी उठावेसे वाटेल असे मन आम्हांस दे, महाराजा!

होय, महाराजा!

॥ शुभं भवतु ॥